ज्यांचं पाणी पितो, त्यांचा भात

जुलैत टेकपोळे, शिरकोली, घोळ या गावांच्या खाचरांवर जो पाऊस कोसळतो, तो बांधावरून ओसंडून ओढ्यात येतो, ओढ्यातून अंबी नदीत आणि अंबीतून पानशेतच्या जलाशयात. पुढे तो खडकवासल्याला पोचतो, तिथून पर्वतीच्या जलकेंद्रात आणि शेवटी सदाशिव पेठेतल्या किंवा सहकारनगरातल्या एखाद्या घरात कुकरमध्ये. कुकरमधला तांदूळ मात्र बहुधा दुसऱ्याच राज्यातून आलेला असतो. पाणी पानशेतचं आणि तांदूळ कुठला तरी, ही रीत पुण्याच्या अंगवळणी पडली आहे. ती मोडल्याशिवाय सकस आणि टिकाऊ अन्नाची कुठलीही गोष्ट या जिल्ह्यात पुरी होणार नाही, असं माझं मत आहे.

पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीत चार धरणं आहेत. पानशेत 10.65 टीएमसीचं, वरसगाव 12.82 टीएमसीचं, टेमघर 3.71 टीएमसीचं आणि खडकवासला 1.97 टीएमसीचं. मिळून 29 टीएमसीच्या थोडं वर. या पाण्यावर पुणे शहर जगतं आणि 202 किलोमीटर लांबीच्या नव्या मुठा उजव्या कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरचा ऊसही जगतो. पानशेत आणि वरसगाव ही दोन मोठी धरणं ज्या तालुक्यात येतात, तो वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकवस्तीचा. 2011 च्या जनगणनेत इथे जेमतेम 54 हजार माणसं होती.

पुणेकराला पानशेत म्हटलं की 12 जुलै 1961 आठवतं. धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसावर खूप लिहिलं गेलं, लिहिलं जायलाच हवं होतं. पण धरणाच्या वरच्या बाजूलाही एक बुडणं झालं, ते सावकाश झालं आणि कायमचं झालं. अंबीच्या आणि वरसगावकडच्या मोसे नदीच्या काठची सपाट, गाळाची, पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून घडवलेली खाचरं जलाशयाच्या तळाशी गेली. जी माणसं खोरं सोडून गेली नाहीत ती वर सरकली. त्यांच्या वाट्याला उताराची वरकस जमीन आली. आज पानशेतच्या वरच्या गावांमध्ये शेतीचं जे काही चाललं आहे, ते या उरलेल्या जमिनीवर.

अन्नाच्या भविष्याची चर्चा सध्या जोरात आहे. मे 2025 मध्ये केंद्र सरकारनं जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेची ‘कमला’ सांबा मसुरीपासून तयार झाली आहे आणि ती सुमारे 20 दिवस लवकर तयार होते, असं संस्थेचं म्हणणं आहे. दुसरी दिल्लीच्या पुसा संस्थेची, दुष्काळ आणि खारटपणा सोसणारी. दोन्हींच्या चाचण्यांच्या आकड्यांवर अजून वाद आहेत. इकडे आपल्याच जिल्ह्यात बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. उपग्रहाची चित्रं, जमिनीतले संवेदक आणि हवामानाची नोंद यांवरून पाणी किती, खत किती, ते मोबाइलवर कळतं. कालव्याखालच्या पठारावर हे उपयोगी आहे, कारण तिथे पाणी मोजूनच द्यावं लागतं.

पानशेतच्या वर अडचण वेगळी आहे. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भातासाठी पाणी वाचवा, असं इथल्या शेतकऱ्याला सांगण्यात अर्थ नाही, ते पाणी मोटार लावून काढलेलं नसतं. इथे तीन गोष्टी तुटतात. माती वाहून जाते, लावणीला माणूस मिळत नाही आणि पिकलेल्या भाताला जो भाव यायला हवा तो येत नाही. या तिन्हींवर ज्याचा उपाय चालतो ती इथली नवी शेती. बाकीचं नवं कितीही चकाकत असलं तरी या उतारावर टिकणार नाही.

माती आणि श्रम यांचं गणित समजायला राबापासून सुरुवात करावी लागते. मावळात भाताचं रोप टाकायचं तर उन्हाळ्यात राब भाजायचा ही जुनी रीत. शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गवत असे थर वाफ्यावर रचायचे, वर थोडी माती टाकायची आणि पेटवायचं. तणाचं बी जळतं, जमीन भुसभुशीत होते, राख मिळते, रोप जोमदार येतं. रीत मूर्खपणाची नव्हती. पण गाव वाढलं, जंगल मागं हटलं आणि ऐन-किंजळाच्या फांद्या दरवर्षी छाटायच्या म्हटल्यावर झाडांची खुंटं झाली. शिवाय जे शेण आणि जो पाला खाचरात खत म्हणून जायचा, तोच धूर होऊन वर जातो. मग चिखलणी, मग लावणी. डोक्यावर इरलं किंवा हल्ली प्लॅस्टिकचा कागद, पाय घोट्यापर्यंत चिखलात आणि पाठ दिवसभर वाकलेली. हे काम मुख्यतः बायकांचं. पूर्वी इर्जिक घालून वाडीच्या वाडी एकमेकांच्या खाचरात उतरायची. आता घरटी तरुण माणूस पुण्यात कुठे गोदामात, कुठे गाडीवर आहे. जुलैत चार दिवस रजा काढून येणारे येतात, पण पावसाचे चार दिवस आणि रजेचे चार दिवस जुळतीलच असं नाही.

या दुखण्यावर महाराष्ट्रात दोन माणसांनी केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. पहिलं डॉ. नारायण सावंत यांचं चारसूत्री भातशेतीचं. सूत्रं साधी आहेत. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची आणि पेंढा खाचरात गाडायचा. बांधावर गिरीपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलणीआधी जमिनीत दाबायचा. रोपं दोरीवर, 15 आणि 25 सेंटिमीटरची अंतरं आलटून पालटून ठेवत, चुडात दोन-तीनच लावायची. आणि युरिया-डीएपीची दाबून केलेली 2.7 ग्रॅमची ब्रिकेट चार चुडांच्या चौकोनात मधोमध, 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची.

चारही सूत्रांत विज्ञान पक्कं आहे. तुसाच्या राखेत सिलिका असते, तिनं रोपाचा दांडा कणखर होतो आणि खोडकिडा, करपा यांना तोंड देतो. पेंढ्यातून पालाश परत मिळतं. चौथं सूत्र तर या खोऱ्यासाठी सोन्याचं आहे. युरिया पाण्यावर फेकला की त्यातला निम्म्याहून अधिक नत्र पिकाला मिळतच नाही. काही हवेत उडतो, काही पाण्याबरोबर बांध ओलांडतो. कोकणात बांध ओलांडलेलं पाणी समुद्राला मिळतं, पानशेतात ते पिण्याच्या जलाशयाला मिळतं. पाण्यात विरघळलेलं नायट्रेट तुरटीनं, वाळूच्या गाळणीनं किंवा क्लोरीननं निघत नाही. म्हणून खत मुळाशी खोल पुरणं ही इथे शेतकऱ्याची बचत आहेच, शहराच्या पाण्याची राखणही आहे. आज या गावांमध्ये रासायनिक खताचा वापर उसाच्या पट्ट्याच्या मानानं थोडा आहे. तो वाढण्याआधीच घडी नीट बसवता येईल.

दुसरं काम कर्जत तालुक्यात नेरळजवळच्या सगुणा बागेच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं. त्यांच्या सगुणा राईस टेक्निकमध्ये, ज्याला सगळे एसआरटी म्हणतात, राब नाही, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. एकदाच गादीवाफे करायचे आणि ते मोडायचे नाहीत. लोखंडी साच्यानं ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांत भाताचे दाणे टोकायचे. कापणी झाली की बुडखे आणि मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजतात, त्यांच्या जागी पोकळ्या तयार होतात, गांडुळं येतात, सेंद्रिय कर्ब वाढतो. त्याच वाफ्यावर भातानंतर वाल किंवा हरभरा टोकता येतो. चिखलणी नसल्यानं पाण्याबरोबर जाणारी गढूळ माती थांबते, आणि खाचर महिनोन्‌महिने तुंबून राहिल्यानं निघणारा मिथेन वायूही कमी होतो. जगात माणसाच्या उद्योगांतून जो मिथेन बाहेर पडतो त्यातला आठ-दहा टक्के भातखाचरांचा आहे, तेव्हा ही बाब लहान नाही. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बाईची पाठ चिखलात वाकत नाही. शेतीतल्या सुधारणेचं हे मोजमाप फार कमी वेळा लावलं जातं.

एसआरटीची एक बाजू मला पानशेतपुरती मान्य नाही. तण मारण्यासाठी आणि बुडखे फुटू नयेत म्हणून या पद्धतीत ग्लायफोसेटसारखी तणनाशकं वापरली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि आपल्या केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले. इतर देशांच्या काही नियामक संस्थांचं मत वेगळं आहे, हेही खरं. पण ज्या उताराचं पाणी लाखो माणसं पितात तिथे शंकेचा फायदा औषधाला न देता पाण्याला द्यावा. वाफ्यावर पेंढ्याचं आच्छादन, ताग-धैंचा दाट पेरून दाबणं, हातकोळप्यानं तण काढणं याला मजुरी जास्त लागते. ती मजुरी कोणी द्यायची, या प्रश्नाकडे पुढे येतोच.

आता तांदळाविषयी. मावळ पट्ट्याचा मूळ तांदूळ आंबेमोहोर. बुटका दाणा, शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास, आणि आसट भात, जो आजारी माणसाला आणि लहान मुलाला देतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण पीक उंच वाढतं, वाऱ्यापावसात लोळतं, करप्याला बळी पडतं आणि उतारा हेक्टरी दोन टनांच्या आसपास. म्हणून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांचा संकर करून ‘इंद्रायणी’ काढली. ती 1987 मध्ये प्रसारित झाली. वास आंबेमोहोराचा, बुटकेपणा आणि उतारा आयआर 8 चा. हेक्टरी चार टनांच्या पुढे जाणाऱ्या या जातीनं मावळ, मुळशी, भोर, वेल्हे इथल्या घरांचं वर्षाचं गणित सावरलं. अन्नातलं नवं कसं असावं याचा इंद्रायणीइतका चांगला दाखला आपल्याकडे दुसरा नाही. जुन्या जातीची ओळख जपून, ज्या पावसात आणि मातीत पीक उभं राहायचं तिथेच संशोधन झालं, आणि बी शेतकऱ्याला घरी राखता येईल असंच राहिलं. नव्या जनुक-संपादित जातींकडे मी याच मापानं पाहीन.

बाजारात मात्र आंबेमोहोराच्या नावानं जे पोतं फुटतं, त्यात कित्येकदा आंध्र किंवा मध्य प्रदेशातून आलेला दिसायला सारखा बारीक तांदूळ असतो. नाव मावळचं, पैसा बाहेर. भौगोलिक मानांकनाचा कागद असूनही खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या हातात त्याचा भाव पडत नाही, कारण त्याच्याकडे विकायला भात असतो, तांदूळ नसतो. कापणी दिवाळीच्या तोंडावर येते, घरात पैशाची नड असते, आणि झोडलेला भात अंगणातूनच व्यापाऱ्याच्या गाडीत जातो. पाच-सात गावांत मिळून एक लहान रबर-रोलरची गिरणी, सुकवायला पक्कं खळं आणि साठवणीची कोरडी खोली एवढं झालं, तरी भाव गावात थांबेल. हे यंत्र नवीन नाही, फार महागही नाही. महिला बचत गटांच्या आवाक्यातलं आहे. भोर-वेल्हे भागात ज्ञान प्रबोधिनीनं बचत गटांचं काम वर्षानुवर्षं केलं आहे, त्यामुळे हिशेब ठेवणाऱ्या, बँकेत बोलणाऱ्या बायका गावोगाव तयार आहेत.

गावची गिरणी हवी याला आरोग्याचंही कारण आहे. 1890 च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या लक्षात आलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. त्यातूनच पुढे ब जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि 1929 चं नोबेल त्यांना मिळालं. शंभर वर्षांनंतरही आपण तो कोंडा गुरांना घालतो आणि पांढरा शुभ्र दाणा ताटात घेतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याला केवळ तांदूळ जबाबदार नाही, बैठं आयुष्य आहे, साखर आहे. पण कमी पॉलिशचा, हातसडीसारखा तांदूळ हा सुधारणेचा सोपा भाग आहे. अडचण एवढीच की कोंड्यात तेल असतं, असा तांदूळ लवकर खवट होतो, दूरच्या गोदामात महिनोन्‌महिने राहू शकत नाही. तो जवळूनच यायला हवा, थोडा थोडा भरडून. पानशेत पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे.

तांदळाच्या वर, अक्षरशः वरच्या उतारावर, नाचणी आणि वरी. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून पाळलं, आणि त्या वर्षात नाचणीची बिस्किटं शहरात भरपूर आली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात दहा मिलिग्रॅमही मुश्किलीनं. बिस्किटात मैदा आणि साखर घातल्यावर त्यातलं किती उरतं ते ज्यानं त्यानं पाकीट वाचून ठरवावं. खोऱ्यात मात्र नाचणीचं क्षेत्र आटत गेलं. रानडुकरं, मळणीचा त्रास आणि भाव नाही. कारळ्यांचीही तीच गत. पिवळ्या फुलांचे कारळ्याचे तुकडे बांधावर असायचे, चटणीपुरतं आणि तेलापुरतं घरात यायचं.

नाचणी वाढवा म्हणताना सावध राहायला हवं. मोकळ्या उतारावर झाडं तोडून, भाजून पेरलेली नाचणी पहिल्याच पावसात माती जलाशयात लोटते. तिच्यासाठी समपातळीवर ताली घालाव्या लागतील, तालीवर हिरडा, आंबा, फणस, बांबू उभा करावा लागेल, आणि पेरणीऐवजी रोपं लावावी लागतील. झाड आणि धान्य एकाच तुकड्यात बसवणं सह्याद्रीला नवं नाही. डॉ. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवर केलेला अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. खोऱ्यात भात करणारा कुणबी आणि माथ्यावर म्हशी राखणारा, लोणी विकणारा धनगर, असे दोघांनी डोंगर वाटून घेतल्याचं चित्र त्यात आहे. गाडगीळांनी डॉ. वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. देवराईच्या खाली झरा टिकतो, झऱ्याच्या खाली खाचर टिकतं, हे गावाला ठाऊक होतं. बेसॉल्टच्या या डोंगरांत पाणी मुरायला झाडाखालची माती लागते. ती गेली, की एवढा पाऊस पडूनही वरच्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात.

आणि सध्या माती सर्वांत वेगानं जाते ती शेतीमुळे नाही. पानशेत-वरसगावच्या कडेनं जागा विकल्या जात आहेत. फार्महाउस, रिसॉर्ट, प्लॉट. जेसीबीनं डोंगराचा कडा कापून सपाटी केली, की शे-दोनशे वर्षं जपलेला बांध एका दुपारी निघतो आणि पुढच्या पावसात ती माती धरणात जाते. जमीन विकणाऱ्याला दोष देण्यात काही हशील नाही. ज्याच्या खाचरातून वर्षाचं खर्चवेच भागत नाही, त्याला लाखांची बोली नाकारायला सांगणं आपल्याला शोभत नाही. खाचर राखणं परवडेल असं करणं एवढाच इलाज आहे.

तो इलाज जगात झालेला आहे. जर्मनीतल्या म्युनिक शहराचं बरंच पाणी मांगफाल खोऱ्यातून येतं. 1992 पासून म्युनिकची पाणीसंस्था त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी पैसे देते. शंभराहून अधिक शेतकरी त्यात आले, आणि त्यांचं दूध, मांस, धान्य शहरात विकलं जाईल यासाठीही शहरानं हात दिला. न्यूयॉर्कनंही 1997 मध्ये कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. पाणी गाळण्याचा अब्जावधी डॉलर्सचा कारखाना बांधण्याऐवजी त्यांनी वरच्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांवर, ओढ्यांच्या काठांवर आणि जंगलावर पैसे खर्च केले. ‘प्युअर कॅट्सकिल्स’ या छापाखाली त्या खोऱ्याचा शेतमाल शहरवासीयांना विकतही घ्यायला मिळतो. दोन्ही शहरांनी दानधर्म केला नाही, हिशेब केला. वर स्वच्छ राखणं खाली स्वच्छ करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पुण्याला हे अशक्य नाही. पुणे महापालिकेचं वर्षाचं अंदाजपत्रक बारा हजार कोटींच्या वर गेलं आहे. पाणलोटातल्या शेतकऱ्यांसाठी त्यात एक वेगळं लेखाशीर्ष उघडता येईल. एसआरटी किंवा चारसूत्रीनं भात करणाऱ्याला, तणनाशक न वापरणाऱ्याला, ताली घालून झाडं राखणाऱ्याला एकरी ठरावीक रक्कम द्यावी. तण काढण्याची ती जादा मजुरी इथून येईल. गिरणी आणि खळी यांना भांडवल द्यावं. शहराच्या दवाखान्यांतल्या स्वयंपाकघरांसाठी आणि शाळांच्या पोषण आहारासाठी इंद्रायणी, नाचणी खोऱ्यातूनच घ्यावी, म्हणजे शेतकऱ्याला हमीचं गिऱ्हाईक मिळेल. शहरात शेतकरी आठवडे बाजार भरतात, त्यांत पानशेत, वरसगाव, टेमघरच्या गावांना कायमची जागा द्यावी. जून-जुलैत टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं या रानभाज्या, मे महिन्यात करवंदं-जांभळं, आणि दिवाळीनंतर नवा तांदूळ, असा वर्षभराचा माल या खोऱ्याकडे आहे. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव एका-दोन दिवसांत उरकतात, त्यांच्या पुढे जाऊन दर आठवड्याची पेठ हवी.

ही कामं शेतकऱ्यावर लादून होणार नाहीत. कोणत्या खाचरात गादीवाफा धरेल आणि कोणत्या पाणथळ खाचरात चिखलणीच लागेल, हे ते खाचर कसणारी बाई आणि गडीच सांगू शकतात. योजनेचा आराखडा करताना ग्रामसभा आधी आणि सल्लागार कंपनी नंतर, एवढा क्रम पाळला तरी निम्मं काम होईल.

दिवाळीच्या तोंडावर खोऱ्यात कापणी चालू असते. त्यानंतर महिनाभरात नवा तांदूळ मिळू लागतो. दुकानात आंबेमोहोर किंवा इंद्रायणी घेताना तो कोणत्या गावचा आणि कधी भरडलेला, हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर एका रविवारी पानशेतच्या रस्त्याला जा आणि पोतंभर तांदूळ थेट शेतकऱ्याच्या घरून, तो मागेल त्या भावानं घ्या. आणि महापालिकेचं पुढचं अंदाजपत्रक ठरण्याआधी आपल्या नगरसेवकाला एक पत्र लिहा, की पाणीपट्टीतला काही वाटा पाणी राखणाऱ्या शेतकऱ्याला मिळाला पाहिजे.